विश्लेषण : अमेरिकेच्या अर्ध्या सेंटला लाखो रुपये, मग घरातल्या ‘दोन पै’ला का नाही?

जुने नाणे, चकचकीत नाणे आणि ‘प्रूफ’ नाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की खिशाला चाट बसते. प्रूफ नाणे म्हणजे काय, ते कसे ओळखायचे आणि आपल्याकडच्या ट्रंकेत ते असण्याची शक्यता किती?

मागच्या महिन्यात मानवत तालुक्यातून मामांचा फोन आला. ‘‘अरे, अमेरिकेतला अर्धा सेंट लाखाला विकायलेत म्हणं. आपल्या घरी तर निजामाची दोन पै हाय. चिंच लावून घासली तर आरशावानी चमकायली.’’ मामांनी मोबाइलवर एक व्हिडीओ पाहिला होता. त्यातल्या नंबरवर त्यांनी नाण्याचा फोटो पाठवला. ‘हे प्रूफ नाणे आहे, साडेचार लाख मिळतील,’ असे उत्तर आले. त्यासोबत रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचे एक बनावट पत्रही आले. नोंदणीचे म्हणून १,८५० रुपये मामांनी भरले. परदेशी खरेदीदाराच्या ‘फाइल’साठी आणखी ९,५०० रुपये मागितले गेले, तेव्हा त्यांनी मला फोन केला.

दुसरी रक्कम वाचली, पहिली गेली ती गेलीच. मात्र मामांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. ‘‘तिकडचा अर्धा सेंटही तांब्याचा, आपली पैही तशीच. मग त्याला लाख अन् हिला काहीच कसं नाही?’’ त्या प्रश्नाचे हे उत्तर.

प्रूफ नाणे म्हणजे नेमके काय?

इथे प्रूफचा अर्थ ‘पुरावा’ नाही. वर्तमानपत्रात छपाईपूर्वी तपासायला काढतात त्या प्रुफाशी हा शब्द जवळचा आहे. साचा नीट उठतो का, हे पाहण्यासाठी टांकसाळीत काळजीपूर्वक काढलेला नमुना, तिथून ही कल्पना आली. पुढे भेट देण्यासाठी आणि संग्राहकांसाठी मुद्दाम बनवलेल्या खास नाण्यांना हेच नाव पडले.

नाणे कसे बनते, हे अभियांत्रिकीच्या वर्कशॉपमध्ये डाय-प्रेस चालवलेल्यांना लगेच कळेल. धातूची गोल चकती दोन साच्यांमध्ये ठेवून दाबतात. दाबाखाली धातू साच्यातल्या खोलगट भागात शिरतो आणि चित्र उठते. बाजारात चालवायच्या नाण्यांसाठी वेग महत्त्वाचा असतो. एक ठोका, की पुढची चकती. अशा वेळी साच्याचा सर्वात खोल भाग अनेकदा पूर्ण भरत नाही. मग चित्रातले केस, कान, पानांच्या शिरा पुसट राहतात. पुढे ही नाणी पोत्यात एकमेकांवर आपटतात, त्यांवर ओरखडे येतात.

प्रूफ नाण्यासाठी साचा आरशासारखा घासून घेतात. चकतीही निवडून, घासून घेतात. ठोका सावकाश, जास्त दाबाने आणि बहुधा एकापेक्षा जास्त वेळा देतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी दिसते, चित्राची रेघ न् रेघ उठते आणि काठ धारदार, काटकोनी राहतो. असे नाणे हाताने उचलून वेगळे ठेवले जाते.

थोडक्यात, प्रूफ हा नाणे बनवण्याचा प्रकार आहे, नाण्याची अवस्था नव्हे. प्रूफ नाणे खिशात फिरून झिजले तरी ते झिजलेले प्रूफच राहते. आणि साधे नाणे कितीही घासले तरी त्याचे प्रूफ होत नाही.

अर्धा सेंट इतका महाग का?

अमेरिकेत २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने टांकसाळ स्थापन झाली. ती फिलाडेल्फियात होती. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, अर्धा सेंट म्हणजे दोनशेवा. दोन्ही तांब्याचे. १७९३ पासून अर्धे सेंट बाजारात आले. १८३० च्या दशकात त्याचे वजन सुमारे ५.४४ ग्रॅम होते.

हे नाणे लोकांना फारसे आवडले नाही. टांकसाळीत जुना साठा पडून राहिला. त्यामुळे १८३६ साली आणि पुढे १८४० ते १८४८ या काळात व्यवहारासाठी अर्धे सेंट पाडलेच गेले नाहीत. या वर्षांची जी नाणी आहेत ती सगळी प्रूफ आहेत आणि ती अगदी मोजकी आहेत. १८५७ च्या कायद्याने अर्धा सेंट बंद झाला.

आता संग्राहकाची अडचण बघा. त्याला १७९३ ते १८५७ या सर्व सालांचा संच पूर्ण करायचा आहे. १८४३ सालचे साधे नाणे जगात अस्तित्वातच नाही. मग त्या वर्षाचे प्रूफ घेण्यावाचून पर्याय उरत नाही. मागणी हजारोंची आणि नाणी मोजकी, म्हणून किंमत हजारो डॉलरवर, म्हणजे आपल्या हिशेबात लाखांवर जाते. त्याच मालिकेतले १८५० च्या आसपासचे साधे, वापरलेले अर्धा सेंट मात्र त्या मानाने अगदी स्वस्तात मिळते. वय जवळपास तेच, धातू तोच, देश तोच. फरक बनवण्याच्या पद्धतीचा आणि संख्येचा.

या नाण्यांचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे?

आहे, आणि तो गमतीशीर आहे. १८३४ साली अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या सरकारने पूर्वेकडच्या राजांना भेट देण्यासाठी नाण्यांचे खास संच बनवायचे ठरवले. अर्ध्या सेंटपासून सोन्याच्या दहा डॉलरपर्यंतची प्रूफ नाणी त्यांत होती. राजदूत एडमंड रॉबर्ट्स हे संच घेऊन ‘पीकॉक’ या जहाजाने निघाले. एक संच त्यांनी मस्कतच्या सुलतानाला दिला. त्याच प्रवासात अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ जहाज तळाला लागले होते. त्यामुळे १८३५ च्या अखेरीस ते दुरुस्तीसाठी मुंबईत थांबले. तिथून पुढे जाऊन १८३६ मध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाला दुसरा संच पोहोचला.

नंतर हा संच लोकांच्या नजरेआड गेला. तो एकदम १९६२ मध्ये लंडनमध्ये समोर आला. तो विकणाऱ्या दोघी स्त्रिया ॲना लिओनोवेन्स यांच्या वंशातल्या होत्या, असे नाणे-व्यापारात मानले जाते. ॲना १८६० च्या दशकात सयामच्या राजवाड्यात शिक्षिका होत्या. त्यांच्यावर पुढे गाजलेले चित्रपट निघाले. आपला जन्म वेल्समध्ये झाला, असे त्या सांगत. प्रत्यक्षात त्यांचा जन्म १८३१ साली अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, आणि लग्न १८४९ साली पुण्यात झालेले, हे संशोधकांनी नंतर कागदपत्रांवरून दाखवून दिले.

२००५ मध्ये हा संच ८५ लाख डॉलरला विकला गेला. त्यातला मोठा वाटा ‘१८०४’ साल कोरलेल्या चांदीच्या डॉलरचा. गंमत अशी, की तो डॉलर १८०४ मध्ये पाडलेलाच नव्हता. १८३४ मध्ये संच भरताना टांकसाळीने जुन्या नोंदी बघून त्यावर १८०४ हे साल घातले. म्हणजे नाण्यावरचे साल हे त्याचे जन्मसाल असतेच असे नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

त्या काळी मुंबईत अशी नाणी होती का?

होती. १७९० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे इंग्लंडमधून बनवून आणले. बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टन यांची सोहो टांकसाळ होती. तिथे वाफेच्या यंत्रावर नाणी पाडली जात. १७९१ आणि १७९४ सालच्या या नाण्यांवर एका बाजूला कंपनीची खूण आहे. दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द आहे.

याच बोल्टन यांनी अमेरिकेच्या टांकसाळीला सेंट आणि अर्ध्या सेंटसाठी तांब्याच्या कोऱ्या चकत्या पुरवल्या. म्हणजे मुंबईचा पैसा आणि अमेरिकेचा सेंट एकाच कारखान्याशी जोडलेले आहेत. मुंबईच्या या पैशांचीही सोहोने प्रूफ नाणी काढली होती. आपल्याकडच्या संग्राहकाला अमेरिकी अर्ध्या सेंटच्या तोडीचे काही हवे असेल, तर ते इथे आहे.

‘रीस्ट्राइक’ म्हणजे काय? ती खोटी नाणी असतात का?

साचा लोखंडी तिजोरीत पडून राहिला तर त्यातून वीस-पन्नास वर्षांनीही नाणे काढता येते. साल जुनेच उमटते. यालाच ‘रीस्ट्राइक’, मराठीत पुनर्टंकन म्हणतात. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १८५० च्या दशकाच्या अखेरीस संग्राहकांची मागणी पाहून जुन्या सालांचे अर्धे सेंट असेच पुन्हा पाडले. जाणकार ते कसे ओळखतात? १८४० ते १८४८ च्या मूळ नाण्यांवर मागच्या बाजूच्या पानांच्या माळेतली फळे मोठी आहेत. पुनर्टंकित नाण्यांवर ती लहान आहेत. भिंगाखाली दिसणाऱ्या त्या बारीक ठिपक्यांवर सगळा निवाडा होतो.

सोहो टांकसाळ बंद झाल्यावर तिथले जुने साचे लंडनच्या डब्ल्यू. जे. टेलर यांच्याकडे गेले. त्यांनीही त्यांतून पुन्हा नाणी काढली. आपल्याकडे तर हे सरकारी पातळीवर चालले. मुंबई आणि कोलकाता टांकसाळी मागणीनुसार ब्रिटिशकालीन नाण्यांची प्रूफ पुनर्टंकने काढून देत. ही प्रथा १९७० मध्ये बंद झाली.

ही नाणी खोटी नाहीत. टांकसाळ खरी, साचाही बहुतेक वेळा खरा. पण नाण्यावर १८६२ साल असले तरी ते १९६० च्या दशकात पाडलेले असू शकते. काही वेळा पुढच्या बाजूचा साचा एका काळातला आणि मागचा दुसऱ्या काळातला, अशी जोडीही दिसते. साचा गंजून पुन्हा घासला असेल तर नाण्यावर बारीक उठावाच्या रेषा किंवा पुटकुळ्या येतात. संग्राहक पुनर्टंकनेही आनंदाने घेतात. फक्त ‘मूळ’ म्हणून ती विकली तर ती फसवणूक ठरते. म्हणून मोठ्या व्यवहारात नाणे आधी कुणाकडे होते, कुठून आले, जुन्या लिलावात त्याचा फोटो आहे का, हे विचारले जाते. सयामच्या संचाला एवढी किंमत आली ती या प्रवासामुळेही.

परभणीच्या घरात काय सापडते?

परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे स्वतःचे चलन होते, ‘हाली सिक्का’. ब्रिटिश रुपयाला आपल्याकडे ‘कलदार’ म्हणत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आजही जिंतूर-पाथरीकडचे वयस्कर लोक तोंडपाठ सांगतात. बारा पैंचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया.

चारमिनारचे चित्र असलेला चांदीचा रुपया अनेक घरांत देवघरात किंवा ट्रंकेत असतो. चारमिनारच्या मधल्या कमानीत भिंगाने पाहा. तिथे ‘मीम’ हे अक्षर असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांच्या काळातले. ‘ऐन’ असेल तर शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातले. या रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आहे आणि त्यात चांदी ८१.८ टक्के. सराफाकडे नेले तर तो याच हिशेबाने भाव सांगेल.

पै, दोन पै, अर्धा आणा ही नाणी तांबूस रंगाची असत. ती रोजच्या बाजारासाठी होती आणि भरपूर पाडली गेली. म्हणून ती आजही सहज सापडतात. मामांची दोन पै यातलीच. शंभरेक वर्षांची असली तरी ती दुर्मीळ नाही आणि प्रूफ तर नाहीच. हाताळून झिजलेली अक्षरे, गोल झालेला काठ हे तिने बाजार पाहिल्याची खूण आहे.

स्वतंत्र भारताचे काय? १९५० च्या पहिल्या मालिकेचे सात नाण्यांचे प्रूफ संच मुंबईत बनले. रुपयापासून घोड्याच्या चित्राच्या एक पैशापर्यंतची नाणी त्यांत होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली आणि ‘नये पैसे’ सुरू झाले. पुढच्या काळातल्या मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर आधी ‘बी’ आणि नंतर ‘एम’ हे इंग्रजी अक्षर दिसते. बाजारात चालणाऱ्या मुंबईच्या नाण्यांवर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असते, हैदराबादच्या अनेक नाण्यांवर चांदणी, नोएडाच्या नाण्यांवर ठिपका. कोलकात्याची खूण नसते. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पण बाद होणे म्हणजे दुर्मीळ होणे नव्हे. चार आण्यांची नाणी अजूनही डबाभर निघतात.

नाणे घासून चमकवले तर बिघडते का?

बिघडते, आणि कायमचे. तांब्याचा वरचा थर हवेशी संयोग होऊन तपकिरी होतो. तो थर खालच्या धातूला जपतो. चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासायची पावडर लावली की हा थर निघतो आणि त्याबरोबर बारीक तपशीलही जातात. भिंगाखाली एकाच दिशेच्या असंख्य रेघा दिसतात. संग्राहक ते नाणे पाहताच बाजूला ठेवतो.

नाण्याची अवस्था १ ते ७० अशा गुणांत मोजायची पद्धत आज जगभर वापरतात. ती मुळात एका सेंटच्या तांब्याच्या नाण्यांसाठीच १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी मांडली. घासलेल्या नाण्याला तपासणी संस्था अनेकदा असे गुण देतच नाहीत. ‘साफ केलेले’ एवढाच शेरा मारतात. म्हणून नाणे काठाला धरून उचला, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि घासू नका. प्लास्टिकच्या साध्या पिशवीतही ठेवू नका. तिच्यातली रसायने काही वर्षांत तांब्यावर हिरवट चिकटा आणतात.

फसवणूक कशी ओळखायची?

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबाबत स्पष्ट इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कुठलेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या नावाचे पत्र हीच धोक्याची पहिली खूण. दुसरी खूण, विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणे. खरा खरेदीदार पैसे देतो, घेत नाही. तिसरी, फक्त फोटो पाहून लाखांची बोली. भिंगाखाली न पाहता, वजन न करता कोणताही जाणकार प्रूफचा निर्वाळा देत नाही.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते. ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे ‘अमेरिकेतला खरेदीदार तुमच्या शंभर वर्षांच्या नाण्याचे पार्सल मागवतोय’ ही गोष्ट मुळातच बेकायदा आहे. शेत नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया खोदताना नाण्यांचा हंडा सापडला तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. गुपचूप विकला तर शिक्षा होऊ शकते. कळवला तर मात्र कायद्यात शोधणाऱ्याच्या हक्काचाही विचार आहे.

थोड्या पैशांत छंद सुरू करायचा तर?

अमेरिकी प्रूफ अर्ध्या सेंटपासून सुरुवात करायची गरज नाही. सरकारी टांकसाळी संग्राहकांसाठी प्रूफ संच काढतात आणि ते अधिकृत संकेतस्थळावरून घरपोच मिळतात. असा एक संच आणि त्याच सालचे खिशातले नाणे शेजारी ठेवून भिंगाने पाहिले, की प्रूफ म्हणजे काय हे लेखापेक्षा लवकर कळते. मुंबईत फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय, नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि हैदराबादला सैफाबादच्या जुन्या टांकसाळीतले संग्रहालय या तीन जागा पाहण्यासारख्या आहेत. परभणीहून हैदराबादला रेल्वेने जाता येते.

मामांची दोन पै आता कागदी पाकिटात आहे. तिच्यावर आजोबांनी कधी, काय घेतले असेल, याची चर्चा घरात दोन दिवस चालली. मामांनी पाकिटावर पेनाने लिहिले आहे : ‘अण्णांची. विकायची नाही. घासायची नाही.’